अंदाजे एक्कावन्न

आमच्या कॉलेजात कुस्तीचे दोन संघ होते, मुलांचा आणि मुलींचा. निदान माहितीपत्रकात तरी दोन होते. मुलींच्या संघात आम्ही दोघीच. मी सांडोरची, दुसरी आचोळ्याची. मॅट मुलांची, ती पुसायची मात्र आम्ही, कारण आमची पाळी त्यांच्यानंतर यायची आणि त्यांच्या घामात लोळायची आमची तयारी नव्हती.

दर सोमवारी सर मुलांचं वजन करायचे. काटा मुलांच्या कपडे बदलायच्या खोलीत. तिथे आम्हाला मज्जाव, आणि तो बाहेर आणावा असं तीन वर्षांत कुणाला सुचलं नाही. मी दोनदा बोलून पाहिलं. सर म्हणाले, "तुमचं काय, बघून कळतं."

शेवटच्या वर्षी मला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत लढायचं होतं. आधीची दोन वर्षं मुलींचा अर्ज मुदतीत गेलाच नव्हता, त्यामुळे बाहेर माझी एकही कुस्ती झाली नव्हती. आता नाही तर कधीच नाही. या खेपेला सरांनी स्वतः अर्ज भरला आणि मी हुरळून गेले. तो सरांकडून मागून घेऊन वाचला नाही, एवढी चूक माझी.

स्पर्धेच्या आदल्या सोमवारी एक मुलगा त्याच्या वजनगटापेक्षा दीड किलो जास्त भरला. अख्खं कॉलेज त्याच्या मागे लागलं. सरांनी आपला स्वेटर त्याच्या अंगात घातला, ग्राउंडला फेऱ्या मारायला लावल्या, घरी जाऊन त्याचा भात बंद करून आले. मीसुद्धा कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होते. काय म्हणावं मला.

स्पर्धेच्या सकाळी मी काट्यावर चढले. चोपन्न भरले. पंचांच्या यादीत माझ्या नावापुढे एक्कावन्नचा गट होता. पंचावन्नमध्ये घ्या म्हटलं, तर ते म्हणाले, यादीत आहे ते आहे. मी सरांना विचारलं, "एक्कावन्न कुठून आलं?"

"अंदाजे लिहिलं," सर म्हणाले. "मुलीला वजन कसं विचारायचं? बरं दिसतं का ते?"

त्या वाक्याचा मला आजही संताप येतो. मुलींकडून मॅट पुसून घेताना बरं दिसत होतं. आमचं वजन आम्हाला पाठ होतं, विचारलं असतं तर एका शब्दात सांगितलं असतं. आचोळ्याच्या मुलीबाबत सरांचा अंदाज बरोबर निघाला. ती लढली आणि मी तिचा टॉवेल सांभाळत बसले. स्वेटरवाला पहिल्याच कुस्तीत चितपट झाला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरी आले तेव्हा आई पडवीत केळ्यांचे लोंगर काट्यावर ठेवत होती. एकेक घड तोलायचा, आकडा वहीत लिहायचा, मग टोपलीत. मी सगळं सांगितलं. तिने काट्यावरचा लोंगर उतरवला आणि म्हणाली, "चढ."

चोपन्न.

आईने आकडा नीट पाहून घेतला.

"आपण साधा लोंगर कुणाला अंदाजाने देत नाही," ती म्हणाली. "आणि त्यांनी माझी पोर अंदाजाने पाठवली."