पांढऱ्यावर पांढरं

अमेरिकेतला मराठी माणूस पंचेचाळिशीला आला की त्याला काहीतरी होतं. कुणी मॅरेथॉन पळायला लागतो, कुणी झूमवर तबला शिकतो. मी कॅमेऱ्याची लेन्स घेतली. ती एवढी मोठी आहे की गाडीत तिला वेगळा पट्टा लावावा लागतो. बायको तिला सवत म्हणते.

आमच्या मिनेसोटात घरापासून तासाभरावर नदीचा एक तुकडा आहे, तो कधी गोठत नाही, कारण वरच्या अंगाला वीजकेंद्राचं कोमट पाणी सुटतं. बाकी सगळं गोठलं की आसपासचे हंस तिथे येऊन जमतात. चित्रातल्यासारखे नाजूक मान वाकवून तरंगणारे हंस डोळ्यांपुढे आणू नका. हे दहा-बारा किलोचे आडदांड पक्षी. सतत भांडतात, ओरडले की लग्नाच्या बँडमधला कर्णा बिघडल्यासारखं वाटतं, आणि बर्फावर उतरताना दोन्ही पाय पुढे करून सरळ घसरत येतात. मला नेमके तेच फोटो हवे होते. पंख पसरून घसरतानाचे, बर्फ उडवत एकमेकांच्या अंगावर धावतानाचे.

खरं सांगायचं तर फोटो हे निमित्त होतं. मला बाबांच्या तोंडून एकदा तरी "बरा आलाय" एवढं ऐकायचं होतं.

बाबांचा कराडला चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, पासपोर्ट, शाळांचे ग्रुप फोटो. दहावीत असताना मी चोरून त्यांच्या कॅमेऱ्यावर शेजारच्या बोकडाचा फोटो काढला होता. बाबांनी तो धुऊन दिला आणि नुसतं "हं" म्हणाले. त्या "हं"ला आता तीस वर्षं होऊन गेली. मधल्या काळात इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझ्या फोटोंना "अप्रतिम", "वा दादा", "क्या बात है यार" असं बरंच काही मिळालं. पण तीच मंडळी कुणी केलेल्या गुलाबजामच्या फोटोलाही तेच लिहितात.

लोक आईवडिलांना उन्हाळ्यात बोलावतात. बाबा हट्टाने जानेवारीत आले. एका शनिवारी सकाळी मी त्यांना माझं जाड जाकीट आणि त्यांची माकडटोपी घालून नदीवर नेलं, ट्रायपॉड लावला आणि माहिती द्यायला सुरुवात केली.

"हा कॅमेरा पक्ष्याचा डोळा आपोआप शोधतो, बाबा. सेकंदाला वीस फोटो काढतो."

"मग तू काय करतोस?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"पांढऱ्यावर पांढरं आहे," ते म्हणाले. "उजेड मोजणारं मीटर फसणार. बर्फ राखाडी येईल. उजेड दीड स्टॉप वाढव."

मी त्यांना समजावलं की हल्ली ऑनलाइन सगळे उलट सांगतात, पिसं जळून नुसती पांढरीफटक होऊ नयेत म्हणून उजेड कमीच ठेवायचा, आणि उरलेलं घरी सॉफ्टवेअरमध्ये करता येतं.

"मग एवढ्या थंडीत इथे कशाला आलो आपण?"

एवढं बोलून त्यांनी हातमोजा काढला आणि उघडा तळहात माझ्या लेन्ससमोर धरला. "ह्याच्यावर उजेड मोज. मग एकच स्टॉप वाढवला तरी पुरे. माणूस काळा असो, गोरा असो, तळहात सगळ्यांचा सारखाच निघतो."

पलीकडे दोन गोरे आजोबा माझ्याहूनही मोठ्या लेन्स घेऊन उभे होते. ते बघायला लागले. मी म्हणालो, "बाबा, हात आत घाला, गारठेल." काळजीपोटी म्हणालो असं घरी सांगितलं. प्रत्यक्षात मला लाज वाटली होती.

मी दोन तास बटण दाबत होतो. उन्हात दिसावं म्हणून कॅमेऱ्याचा स्क्रीन मी आधीच भगभगीत करून ठेवला होता, त्यामुळे प्रत्येक फोटो मला झकास दिसत होता. घरी येऊन टीव्हीवर लावले तर बर्फ ओल्या सिमेंटच्या रंगाचा आणि हंस पिठाच्या गिरणीऐवजी कोळशाच्या वखारीतून आलेले. मी घाईघाईने लॅपटॉपवर उजेड वाढवला. बायको म्हणाली, "किती सुंदर!" मुलगी फ्रिजकडे जाता जाता "नाइस" म्हणाली. बाबा सोफ्यावर मांडी घालून बसले होते. ते म्हणाले, "हं."

पुढच्या शनिवारी आम्ही परत गेलो. मी ट्रायपॉड लावला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणालो, "बाबा, जरा हात धरता का?"

त्यांनी हातमोजा काढला. "आज लाज नाही वाटत?"

म्हणजे त्यांना कळलं होतं. मी मान खाली घालून उजेड मोजला, एक स्टॉप वाढवला. अर्ध्या तासाने एक हंस वाकडातिकडा खाली आला, पाय पुढे, पंख पूर्ण उघडे, आणि आमच्यासमोरून बर्फ उडवत घसरत गेला. मी मोजून चार फोटो काढले. तिसरा उघडला आणि माझाच विश्वास बसेना. बर्फ पांढरा, हंस पांढरा, आणि तरी पीस न् पीस वेगळं दिसत होतं.

बाबांनी चष्मा वर केला, कॅमेरा ट्रायपॉडवरून सोडवला आणि डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितलं.

"डाव्या पंखाचं टोक फ्रेमच्या कडेला कापलंय," ते म्हणाले.

माझा तोल गेला. पन्नाशीकडे झुकलेला मी, गोठलेल्या नदीच्या काठावर, पाचवीतल्या पोरासारखा ओरडलो, "एकदा छान म्हणायला तुमचं काय जातं हो?"

बाबांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. आवाज चढवला नाही.

"चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला छान म्हणालो. डोळे मिटलेले असले तरी छान, नवरा-नवरीची तोंडं दोन दिशांना असली तरी छान. पोटासाठी म्हणावं लागायचं. घरी आल्यावर तो शब्द तोंडात यायचा नाही माझ्या." चष्मा खाली घेत ते म्हणाले, "तुला मी काही विकत नव्हतो."

तीस वर्षं मी मागत होतो ते हेच होतं, गिऱ्हाइकाला मिळायचं ते.

"ते बघ, तिकडून तिघं येतायत," बाबा म्हणाले. "कडेला जागा सोडून धर. पंख मोठे आहेत त्यांचे."

मी जागा सोडून धरलं.