डाव्या चाकाचे पॅड

“अप्पा, लेकीला इंग्रजी शिकवलंत अन् दुकान तर सुनंनं धरलं की!” काउंटरवर कोपर टेकून उभा असलेला जीपवाला बाबांना म्हणाला.

मी मागच्या रॅकआड ब्रेक शूची खोकी लावत होते. मी तिथे आहे हे त्याला माहीत नव्हतं. बाबांना होतं. तरी बाबा हसले. “कुणीतरी धरावं लागतंच की,” म्हणाले. जीपवाल्याचं बोलणं मी सहज सोडून दिलं असतं. ते हसणं सुटलं नाही. त्यात सारवासारव नव्हती, समाधान होतं.

आमचं दुकान अहमदपूरला, नांदेड-लातूर रस्त्यावर. पुढे ब्रेक आणि क्लचचे सुटे भाग, मागे पत्र्याच्या शेडमध्ये ते बसवून देणारे मिस्त्री. त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणत असू. मी पाचवीपासून लातूरच्या इंग्रजी शाळेत, तिथल्याच वसतिगृहात वाढले. पुढे नांदेडला कॉलेज. पदवी घेऊन घरी परतले ते दुष्काळाचं वर्ष. लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. आमच्याकडे नळाला कधी पंधरा, कधी वीस दिवसांनी पाणी यायचं.

मी बाहेर होते त्या काळात वहिनी आली होती. माहेर कंधारचं, वडिलांचं गॅरेज, शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत. भाऊ पुण्याला कंपनीत होता आणि महिन्यातून एकदा यायचा. ती सुरुवातीला दुकानात चहा घेऊन यायची. मग कप परत न्यायला थांबायची. मी आले तेव्हा चहा दुसरंच कुणी आणत होतं आणि वहिनी काउंटरवर होती. बाबा तिला ‘पोरी’ म्हणायचे. मला लाडानं ‘मॅडम’.

ती ब्रेकचं किट, म्हणजे चाकाला घासून गाडी थांबवणाऱ्या पॅडचा संच, कसं निवडायची ते मी रोज पाहायचे. न पाहण्याचं नाटक करत पाहायचे. गिऱ्हाईक जुना पॅड घेऊन आलं की आधी तो हातात घ्यायची. नख फिरवायची, नाकाशी न्यायची, उन्हात धरून दोन्ही टोकं सारखी झिजलीत का बघायची. मग गाडी कुठली हे विचारायच्या आधी विचारायची, “काय वाहता हो दादा?”

“काय वाहणार वैनी, पाणीच वाहायलो. चार ड्रम.”

“अन् सीट?”

“सीटा कधीच काढल्या. माणसं बसतेत ड्रमावर.”

“मग हे मऊ पॅड नका नेऊ. महिन्यात खलास होतेत. ह्ये घ्या. जरा आवाज करंल, पण थांबवंल.”

“आवाज तर घरीबी हायच की,” तो म्हणायचा आणि सगळे हसायचे.

त्या वर्षी प्रत्येक गाडी टँकर झाली होती. पाण्याचं वजन हलतं, ब्रेक दाबला की पुढे येतं, पॅड खातं. हे ती असं सांगायची की शेतकऱ्याला लगेच पटायचं. मला हे सगळं येत होतं. कॅटलॉगमधला प्रत्येक नंबर मी बसून पाठ केला होता; कुठल्या मॉडेलला कुठलं किट, कुठल्या वर्षापासून डिस्क मोठी झाली, सगळं. पण गिऱ्हाईक समोर आलं की वाक्य आधी मनात जुळवावं लागायचं, आणि जुळेपर्यंत ते वहिनीकडे सरकलेलं असायचं. एकदा एकानं माझ्या हातातल्या कॅटलॉगकडे पाहून म्हटलं, “म्याडम, पुस्तक र्‍हाऊ द्या, वैनीला हाक मारा.” मी हाक मारली. घरी गेल्यावर मोरीचं दार लावून “काय वाहता हो दादा” असं तिच्या सुरात म्हणून पाहिलं. माझ्या तोंडी ते बातमी वाचल्यासारखं आलं.

खरी गोष्ट उदगीरच्या दुकानाची होती. नवा जिल्हा होणार, उदगीरला होणार, या बोलण्याला त्या वर्षी ऊत आला होता. अहमदपूरची माणसं म्हणायची, आम्ही काय पाप केलं? पण बाबांना वादात रस नव्हता. “जिल्हा झाला की कचेऱ्या येतील, कचेऱ्या आल्या की गाड्या येतील, अन् गाडीला ब्रेक लागतोच,” असं ते म्हणायचे. उदगीरला एक गाळा घ्यायचा त्यांचा विचार पक्का होत होता. तिथे घरातलंच माणूस बसवायचं होतं. ते माणूस मी व्हावं असं मला वाटत होतं. नवं दुकान, नवं गिऱ्हाईक, तुलना करायला शेजारी कुणी नाही. रॅक कुठे ठेवायचे हेसुद्धा मी वहीच्या मागच्या पानावर काढून ठेवलं होतं. बोलले मात्र कुणाशीच नाही. मला वाटायचं, बाबा विचारतील.

एक दिवस आमच्याच जीपचा ब्रेक करकरायला लागला. आमचीही जीप पाणीच आणायची, उदगीर रस्त्यावरच्या आत्याच्या शेतातल्या बोअरवरून. बाबा दुकानात आले. मी काउंटरच्या या टोकाला, वहिनी त्या टोकाला. त्यांनी माझ्यासमोरून चालत जाऊन तिला म्हटलं, “पोरी, आपल्या गाडीला चांगलं किट काढ बरं. तुझ्या पसंतीचं.”

तिनं काढलं. तेच मी काढलं असतं. यानं तर अजूनच लागलं.

शेडमध्ये चाचांनी जीप जॅकवर घेतली. बाहेर धुळीचा लोट उठत होता. त्या शेडची एक सवय त्या उन्हाळ्यात बदलली होती आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आधी हात, पाने, सुटे भाग सगळं साबणाच्या पाण्यानं धुतलं जायचं. पाणी गेलं तसं डिझेलचं फडकं आलं. हात पुसा फडक्यानं, पाना पुसा फडक्यानं. चाचांच्या खांद्यावर ते सतत असायचं.

मी किटचं खोकं धरून उभी होते. खोक्यात घडी घातलेला एक कागद असतो, बारीक इंग्रजी अक्षरांचा. तो कुणी वाचत नाही. चाचा त्यावर स्क्रू ठेवतात. करायला काही नव्हतं म्हणून मी वाचत होते. उजवं चाक झालं. डाव्या चाकाचा आतला पॅड वहिनी चाचांच्या हातात देत होती तेवढ्यात तो निसटला आणि धुळीत पडला. वहिनीला धुळीची चीड होती, धूळ बसलेली वस्तू ती गिऱ्हाइकाला कधीच द्यायची नाही. तिनं पॅड उचलला, चाचांच्या खांद्यावरचं फडकं ओढलं आणि पॅड दोन्ही बाजूंनी स्वच्छ पुसला. चाचा वाकलेले होते. त्यांनी मागे हात केला, तिनं पॅड ठेवला, त्यांनी बसवला.

माझ्या हातातल्या कागदावर तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की पॅडच्या घासणाऱ्या बाजूला तेल, ग्रीस काही लागू देऊ नका. लागलं तर तो पॅड वापरू नका.

मी लाजाळू आहे हे खरं. चारचौघांत बोलायचं तर मला वाक्य आधी मनात जुळवावं लागतं. पण त्या वेळी शेडमध्ये तिघंच होतो आणि वाक्य जुळलेलंच होतं, हातातल्या कागदावर. मला स्वच्छ आठवतं, माझ्या मनात काय आलं ते. ‘तिला हे माहीत नाही.’ इतकंच. आणि त्याबरोबर एक गोड, गार असं काहीतरी आत उतरलं. मी कागदाची घडी घातली.

बाबांनी जीप चौकापर्यंत नेऊन आणली. “जराशी उजवीकडं ओढायलीय.”

“नवीन हाय अप्पा,” चाचा म्हणाले. “बसंल. पन्नास किलोमीटर जाऊ द्या.”

बाबा वहिनीला म्हणाले, “चल पोरी, गाळा बघून येऊ उदगीरचा. येताना पाणीबी आणू.” मग माझ्याकडे वळून, “मॅडम, दुकान बघा हं तोवर.”

म्हणजे गाळा तिला दाखवायचा होता. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. वहिनी पुढच्या सीटवर बसून खिडकीतून म्हणाली, “ताई, तुमच्यासाठी काय आणू उदगीरहून?” मी म्हटलं, काही नको. जीप निघाली आणि मी दाराशी उभी राहिले.

पुढचे चार तास मी दुकानात होते. पहिला तास मी रागातच होते. मग आत्याच्या शेतापासून खाली येणारा उतार डोळ्यासमोर आला. जाताना ड्रम रिकामे असतील, येताना भरलेले. हे मला जीप निघायच्या आधीच कळायला हवं होतं. कदाचित कळलं होतं. बाबांना फोन लावला, लागला नाही. वहिनीचा लावला, तो काउंटरच्या खणातच वाजला. एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी न अडखळता किट दिलं, आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही.

सूर्य अजून पुरता मावळला नव्हता तेव्हा ते दुसऱ्याच्या टेम्पोतून आले. बाबांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं होतं. वहिनीच्या कोपराला ओढणी बांधलेली होती आणि तिची सलवार गुडघ्यापर्यंत चिखलानं माखली होती. त्या वर्षी चिखल कुठेच नव्हता. ड्रम सांडले होते.

“उतारावर ब्रेक मारला अन् गाडी उजवीकडंच गेली,” बाबा चाचांना सांगत होते. “समोरून ट्रॅक्टर. मी तशीच बांधावर घातली. वाचलो बघा.” मग आवाज चढला. “किटच खराब! घासून बघायची, वास घ्यायची लई हौस. काय कळलं त्यातून?”

वहिनी शेडमधल्या चाचांच्या खाटेवर बसली होती. तिनं मान वर केली नाही. “माझीच निवड चुकली मामा,” ती म्हणाली. “मी काय शिकलेली हाय का? बापाच्या गॅरेजात बघून बघून येतंय तेवढंच.”

“मग उगं शहाणपणा करू नये.”

“न्हाई करत.” तिनं काउंटरची किल्ली कमरेची काढली आणि खाटेवर ठेवली.

चाचा म्हणाले, “अप्पा, पोरीला लागलंय, आधी ते बघा.” पण बाबा घाबरले होते, आणि घाबरलेले बाबा कुणाचं ऐकत नाहीत. त्यांनी किल्ली उचलून माझ्यासमोर धरली.

“उद्यापासून काउंटरला तू बस. उदगीरचंबी तूच बघ. तू निदान वाचून तरी देशील.”

इतके दिवस जे हवं होतं ते सगळं एका वाक्यात आलं होतं. मी हात पुढे केला नाही. वहिनी कोपर धरून खाली बघत होती. आपल्या नखांकडे, ज्यांनी ती पॅड तपासायची, त्यांच्याकडे. तिला खरंच वाटत होतं की तिला काही येत नाही. ते मला बघवेना.

वाक्य मनात जुळवायला वेळ नव्हता.

“बाबा, किट चांगलं होतं. वहिनीची निवड बरोबर होती. डावा पॅड खाली पडला, त्याला डिझेलचं फडकं लागलं, म्हणून डावं चाक धरलंच नाही आणि गाडी उजवीकडे ओढली गेली. ते मी पाहिलं. तो वापरायचा नसतो हे मी तेव्हाच वाचलं होतं, तुम्ही निघायच्या आधी. आणि मी बोलले नाही, कारण मला वाटलं, एकदा तरी हिचं चुकावं.”