कॅसेटचे दात

मी जे केलं त्याला मूर्खपणा म्हणतात, हे आधी बाजूला ठेवा. ती खबरदारी होती. आजही कोणाच्या तोंडावर सांगेन. तुम्ही चहा घ्या, सगळं ऐका आणि मग न्याय करा. फक्त मध्ये हसायचं नाही. आमच्या घरी सगळे मध्येच हसतात, त्यामुळे माझी बाजू आजवर कोणी पुरती ऐकूनच घेतलेली नाही.

माझे सासरे उमरेडचे. सारं गाव त्यांना तात्या म्हणायचं. शेती होती, पण नाव शेतीनं नव्हतं, खडीगंमतीनं, म्हणजे डफावर उभ्यानं गायच्या आमच्याकडच्या तमाशानं होतं. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तिच्यात तात्या डफ घेऊन उभे राहिले की हॉटेलवाला गल्ला उघडा टाकून ऐकायला यायचा. एका वर्षी माझा साळा मधू, कोराडीच्या वीजघरात कामाला आहे तो, टेप घेऊन पुढे बसला आणि कॅसेटची एक बाजू पुरी भरून घेतली. बरं झालं घेतली. कारण पुढच्या मंडईपर्यंत तात्यांचे सगळे दात गेले. कवळी केली, ती बसेना. गायला तोंड उघडलं की शब्दाच्या जागी वारा. तात्यांनी डफ खुंटीला टांगला तो टांगलाच.

म्हणजे बघा, तात्यांचं गाणं या जगात एकाच जागी उरलं होतं. त्या कॅसेटमध्ये. आणि ती कॅसेट होती नागपुरात, माझ्या लोखंडी कपाटात, कारण जपून ठेवणारा माणूस म्हणून सासुरवाडीत माझंच नाव होतं.

जपून कशी ठेवणार? कोठार माझं आणि चोर सगळे नातेवाईक! पारशिवनीच्या साळीनं, म्हणजे बायकोच्या बहिणीनं, बारशाला नेली आणि उन्हात अंगणात ठेवली. परत आली तेव्हा फीत बाहेर लोंबत होती, शेवया वाळत घातल्यासारखी. पेन्सिल घालून मी ती गुंडाळत बसलो आणि साळी वरून म्हणते, "भाऊजी, तुमाले जमते ना हे, म्हून तर आम्ही बिनघोर नेतो."

बिनघोर! एकुलती एक वस्तू बिनघोर नेतात ही माणसं. माझं डोकं तापलं ते तापलंच. मी त्या दिवशी घरात जाहीर केलं की आता या कॅसेटची नक्कल होईल. मूळ कपाटात राहील, नक्कल फिरेल. हरवा, उन्हात घाला, बैलाला चारा.

यात माझा अधिकार काय, ते सांगतो. माझी नोकरीच नकलांची. कचेरीत माझ्याकडे नक्कल विभाग होता. लोक अर्ज करायचे, मी मुळावरून नक्कल करवून द्यायचो. मूळ कागदाला आम्ही बोट लावू देत नसू. शिक्का, सही, मोहोर, काय असेल ते नकलेवर. कारण बाहेर जाते ती नक्कल. तिच्यात कोणी खाडाखोड करू नये म्हणून बंदोबस्त तिचा करायचा. हा नियम माझ्या हाडात मुरलेला. तो लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मे महिना होता. तात्या स्वतःचं गाणं ऐकायला म्हणून उमरेडहून एसटीनं येणार होते. मी ठरवलं, ते यायच्या आत नक्कल तयार ठेवायची आणि जाताना त्यांच्या हातात द्यायची. मधू कोराडीहून आपला टेप आणि एक कोरी कॅसेट घेऊन आला. दोन्ही टेप टेबलावर शेजारी ठेवले. माझ्या टेपमध्ये तात्या, सुरुवातीच्या दोन थापा वाजवून पाहिलेले; त्याच्या टेपमध्ये कोरी. माझ्या टेपच्या इयरफोनच्या भोकातून त्याच्या टेपच्या माइकच्या भोकात एक वायर लावली.

"याच्यानं आवाज वायरीतून जाते, भाऊजी. बाहेर काही आयकू येत नाही."

"आणि घरातली गडबड आत गेली तर?"

"नाही जात गा. वायर हाय ना."

मग कॅसेटच्या पाठीकडे बोट दाखवून म्हणाला, "हे दोन बारके दात दिसून राहिले? हे मोडून टाका. मंग त्याच्यावर कोनी दुसरं काही भरू शकत नाही. लाल बटनच दबत नाही. मी तात्याले आनतो स्टँडवरून, मंग करू चालू." आणि गेला सायकल काढून.

आता तुम्ही सांगा. "हे मोडा" म्हणजे कोणते? माणसानं स्पष्ट बोलायला नको? मी विचार केला. मूळ तर कुलपात जाणार, तिला काय धोका? फिरणार ती नक्कल. मोहोर नकलेवर. मी सुमनची, म्हणजे बायकोची, पिन घेतली आणि कोऱ्या कॅसेटचे दोन्ही दात अलगद उपटले. तात्यांच्या कॅसेटला धक्कासुद्धा लावला नाही. मी सांगितलं ना, मुळाला आम्ही बोट लावत नाही.

मधूची वाट बघत बसणं माझ्या स्वभावात नाही. सुरू करू म्हटलं. पण त्याआधी शांतता. वायरीवर भरवसा ठेवायचा तो मधूनं ठेवावा. मी कूलर बंद केला. पंखा बंद केला. खिडक्या लावल्या. नागपूर, मे महिना, दुपार! सुमन पदरानं वारा घेत दारात उभी राहिली.

"अवो, मरून जाऊ ना आपन."

"अर्धा तास मर. तुझ्याच बापाचा आवाज आहे."

मधूच्या टेपचं लाल बटन दाबलं. दबेना. जोर लावला. दबेना. दोन्ही अंगठे लावले, नखाची कड गेली, बटन जागचं हलेना. माझा संताप बघा कसा झाला असेल. कोराडीत वीज तयार करतात म्हणे ही माणसं, आणि यांच्या टेपचं एक बटन दबत नाही. असला भंगार टेप घेऊन माझ्या घरी येतो!

मग मी माझ्या टेपचं लाल बटन दाबून पाहिलं. लोण्यासारखं गेलं. म्हटलं, याला म्हणतात वस्तू. भरायचं काम आपलाच टेप करेल. मधूचा नुसता वाजवेल, तेवढं तरी जमेल त्याला. वायर तशीच राहू दिली. वायरीला काय, दोन्ही टोकं सारखी. कोराडीचा रस्ता नागपूरहून कोराडीला जातो, तसाच कोराडीहून नागपूरला येतो की नाही?

दोन्ही टेप चालू केले. चाकं फिरू लागली. आवाज काही नाही, नुसती बारीक सूं सूं. मी समजलो, तात्या वायरीत शिरले.

आणि तेवढ्यात सुमन बोलली.

"अवो, टेपची अदलाबदल केली तं कॅसेटीचीबी करा लागते ना?"

"चूप बस वं. तुले काय समजते त्यातलं?"

"नाही म्हटलं, बाबाची कॅसेट तं याच्यात हाय, अन् लाल बटन बी याच्यातच दाबलं..."

"तू नक्कल विभागात हाये का मी हावो? चूप म्हटलं ना."

मग खिडकीबाहेर आलू-कांदेवाला आला. "आलू ले, कांदे ले." मी खिडकी उघडून ओरडलो, "जाय ना बे पुढे, इथं रेकॉर्डिंग चालू आहे." तो म्हणाला, "साहेब, रस्ता काय तुमच्या टेपाचा हाय?" मग मी त्याला जे बोललो ते मी इथे सांगत नाही. तो जे बोलला तेही नाही. त्याच्यानंतर मी पारशिवनीच्या साळीबद्दल बोललो, मधूच्या भंगार टेपबद्दल बोललो, या एकूण खानदानाच्या बेफिकिरीबद्दल बोललो. घाम गळत होता, तोंड काही थांबत नव्हतं. सुमन भिंतीला टेकून नुसती ऐकत होती. बाजू संपली, बटन खट्ट करून वर आलं, तेव्हाच मी थांबलो.

मधूबरोबर तात्या आले. हातपाय धुतले, पाणी प्यायले, धोतर सावरून टेबलाजवळ बसले. म्हणाले, "लाव बाप्पा. त्या दिवशी गर्दीत काही समजलं नव्हतं. आज आयकतो, कसं गात होतो मी." दोन्ही हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले.

मी वायर काढली आणि मोठ्या रुबाबात मुळातली सुरुवात लावली. डफावर दोन थापा पडल्या. तात्यांचं बोट मांडीवर हललं. तिसरी थाप पडायच्या जागी खट्ट झालं, सुमन काहीतरी बोलली आणि मग माझा आवाज आला. "चूप बस वं. तुले काय समजते त्यातलं?"

मला वाटलं, पुढे येईल. पुढे आलू-कांदेवाला आला. घाबरून मी मधूच्या कॅसेटमध्ये पाहिलं. तिथे सूं सूं. पुन्हा आपली लावली. पारशिवनीची साळी आली. भंगार टेप आला. किती स्पष्ट सांगू! पंखा नाही, कूलर नाही, एकेक शब्द असा की आकाशवाणीनं लाजावं.

मधूनं कोरी कॅसेट उलटी करून पाठ पाहिली. "भाऊजी, दात याचे काहून मोडले?"

तुम्हाला सांगतो, तेव्हा मला फार वाईट वाटलं. म्हातारा माणूस उन्हात एसटीनं आला होता, एवढ्यासाठी. सुमन भिंतीकडे तोंड करून उभी होती. मला वाटलं ती रडते आहे. ती खरंच रडत होती.

तात्यांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "बंद नोको करू. चालू दे."

मग सुरुवातीपासून पुरी बाजू ऐकली त्यांनी. स्वतःच्या लेकीच्या "कॅसेटीचीबी करा लागते ना" पाशी हात वर केला, मागे घे म्हणाले, पुन्हा ऐकलं. आलू-कांदेवाल्यापाशी खांदे हलायला लागले. शेवटी त्या बोळक्या तोंडातून असं हसू बाहेर पडलं की सुमन डोळे पुसत पुसत हसायला लागली.

"जवाईबापू," तात्या म्हणाले, "माहं गानं साऱ्या मंडईनं आयकलं हाय. ते गेलं तं गेलं. माहेबी दात गेले, आता माह्यावर कोनी काही भरू शकत नाही. पन हे असं कोनाच्या बापानं आयकलं नसन. याची एक मले दे."

मी म्हटलं, थट्टा आहे. थट्टा कसली! मधूनं कॅसेट कोराडीला नेली आणि नकला काढल्या. एक उमरेडला, एक पारशिवनीला, एक त्यानं ठेवली. सणावाराला लावतात. पारशिवनीच्या साळीच्या लेकराला तर माझी आलू-कांदेवाल्याला दिलेली शिवी तोंडपाठ आहे, आणि तीच साळी मला विचारते, भाऊजी, पोराले असं काहून शिकवलं?

मी शांतपणे बदला घ्यायचं ठरवलं होतं. दिवाळीला उमरेडला गेलो, सगळे बाहेर होते, तात्यांची कॅसेट काढली, टेपमध्ये घातली. म्हटलं, आता हिच्यावर आकाशवाणीवरची भजनं भरतो आणि विषय संपवतो. लाल बटन दाबलं.

दबेना.

कॅसेट काढून पाठ पाहिली. दोन्ही दात मोडलेले. मधूनं प्रत्येक नकलेचे मोडले होते. अगदी आमच्या नक्कल विभागाच्या नियमाप्रमाणे.