शेवटच्या खोलीची शेगडी

सुरतेच्या डिंडोलीत आमच्या चाळीचा गोबरगॅस होता. खोटं वाटेल, पण टाकीचं लोखंडी झाकण सकाळी गॅसने फुगून इतकं वर यायचं, की त्यावर उभं राहिलं तर पलसाण्याच्या रंगमिलांची धुराडी दिसावीत. मी चढलो नाही. बायकोने चढू दिलं नाही.

हा सगळा खटाटोप झाला तिच्याच छातीपायी. भुशाच्या शेगडीच्या धुराने ती अशी खोकायची, की मागच्या कापड कारखान्यातले लूम लाजून गप्प बसत. शेजारच्या तबेलेवाल्या काकांना ते ऐकवेना. मग ठरलं: शेण त्यांचं, कालवायचं आम्ही पाळीपाळीने, गॅस सगळ्या खोल्यांना, आणि खाली उरलेली शेणाची रबडी खत म्हणून काकांच्या कामरेजच्या उसाला. पैशाचं नाव कुणी काढायचं नाही. तेव्हापासून चाळीत म्हशींचा थाट जावयासारखा. घरच्या म्हाताऱ्याला कुणी विचारत नसे, पण म्हशीचं पोट बिघडलं की अर्धी चाळ तबेल्यात.

अडचण एकच होती. आमची खोली नळीच्या टोकाला. पुढच्यांनी कॉक उघडले की आमच्याकडे उदबत्तीएवढी आच. बायांनीच तोड काढली: शेवटच्या खोलीने आधी पेटवायचं, तिच्या भाकरी उतरल्या की मग इतरांनी. रोज सकाळी पहिल्या खोलीतल्या मावशींची अहिराणी हाक यायची, "पेटनी का वं, माय?"

"पेटनी!" ही आतून ओरडायची. थोड्या वेळाने राणीच्या तोऱ्यात, "मन्या भाकरी व्हई गयात, पेटाडा आते!"

खोकला पळाला. हिचा आवाज मात्र असा सुटला, की उधन्याला झोपलेली माणसं उठून कामाला लागत.

मग चौऱ्याण्णव साली प्लेग आला. अख्खं सुरत पळालं, आम्ही नंदुरबारकडे. परतलो ते सफाईचं वेड घेऊनच. मोऱ्या, ओटे, जिने, सगळं फिनेलने धुतलं. माझ्या मिशा थोडक्यात वाचल्या. टाकीच्या तोंडाशी उभी राहून ही म्हणाली, "सगळी घाण तर हितं कुजतेय. रोग हितंच दडला असंल."

सगळ्यांना पटलं. बायांनी बाटल्यांवर बाटल्या ओतल्या, वरून पावडर टाकली. तबेलेवाले काकाही म्हणाले, "सारू कर्यु, बेन."

झाकण हळूहळू खाली बसलं ते बसलंच. शेणातून गॅस काढतात ते त्यातले बारीक जंतूच, हे आम्हाला पुढे कळलं. रोगाचे जंतू मारायला निघालो आणि आपलेच मारून आलो. टाकी उपसून ताजं शेण भरलं असतं तर ती पुन्हा उठली असती. पण शहराच्या साफसफाईत वस्तीतले तबेले हलले, आणि काका म्हशी घेऊन कामरेजला गेले.

भुशाची शेगडी परत आली. तिच्यासमोर बसून ही म्हणाली, "मीच मारली ना वो टाकी?"

"छे गं," मी म्हटलं, "नवसारीच्या म्हशींनी करणी केली. आपल्या म्हशींचा थाट बघवला नाही त्यांना."

ती हसली. हसता हसता खोकला लागला, तो थांबेचना.

गॅस गेला तरी रीत मात्र कुणी मोडली नाही. मावशी रोज हाक मारायच्या, ही धुरातून "पेटनी" म्हणायची. रोज थोडं हळू. त्याच थंडीत ती गेली.

तेरावं झालं. तोवर जेवण शेजारून येत होतं. दुसऱ्या दिवशी उठलो तर चाळ चिडीचूप. ना धूर, ना भांड्यांचा आवाज. मावशी दाराशी येऊन उभ्या होत्या, मागे बाकीच्या बाया. कुणाच्याच घरी चूल पेटली नव्हती.

"भाऊ," मावशींनी हळूच विचारलं, "पेटनी का वो?"

मी आत गेलो. फळी पाहिली, कोनाडा पाहिला, डबे उघडले. काड्यापेटी ती कुठे ठेवायची, मला ठाऊक नव्हतं.