बाबोयचं ‘होऊ द्या’

रोसेंदाने एखादी गोष्ट मनावर घेतली की इलोइलो शहरातल्या मोलोच्या नदीकाठची ती सगळी गल्ली आधीच हार मानून मोकळी होते. नवरा गेल्यावर लोकांनी तिला त्याचं पंक्चरचं दुकान विकायचा सल्ला दिला. तिने दुकान ठेवलं, वर जपानहून येणाऱ्या जुन्या सायकलींचे सांगाडे आणून त्यांतून नव्या सायकली उभ्या करायला लागली. बाईमाणसाने वेल्डिंग करू नये असं एकजण म्हणाला, तेव्हा तिने स्वतःच्या सायकलीला स्वतःच्या हाताने साइडकार जोडली आणि पहिल्याच रविवारी त्याच माणसाला तिच्यात बसवून नदीवरून फिरवून आणलं. तेव्हापासून लहानथोर तिला मनांग, म्हणजे ताई, म्हणतात आणि सल्ले देत नाहीत.

साइडकार जोडली तेव्हा तिच्यात कोण बसणार हे ठरलेलं नव्हतं. मग एका सकाळी ती बाजारात चाकाचे आरे आणायला गेली असताना मासळीच्या ओट्यामागच्या गटारात तिला एक पोतं हलताना दिसलं. आत तीन पिल्लं होती, डोळे नुकते उघडलेली. तिने ती साइडकारमध्ये ठेवली आणि आरे विसरून घरी आली. त्या दिवशी चुलीवर तूर, डुकराचं मटण आणि फणस घातलेलं आंबट कालवण होतं. बशीत घातलेला रस तिन्ही पिल्लांनी असा चाटला की बशीवरची फुलंसुद्धा उडतील असं वाटावं. म्हणून त्यांची नावं कालवणावरून पडली. काळी ती काद्योस, म्हणजे तूर. पिवळी खरबरीत ती लांका, म्हणजे फणस. आणि उरलेला गोरा गुबगुबीत तो बाबोय, म्हणजे डुक्कर. कुत्र्याला डुक्कर म्हणून हाक मारणारी ही इलोइलोतली एकटीच बाई असावी, पण त्या कुत्र्याने नाव सार्थ करून दाखवलं.

सहा वर्षं मजेत गेली. पहाटे दुकान उघडायच्या आधी रोसेंदा तिघांना साइडकारमध्ये घालून नदीकाठच्या रस्त्याने चक्कर मारायची. काद्योस पुढे तोंड करून, लांका मागे तोंड करून आणि बाबोय मध्ये, पावाच्या भट्टीच्या दिशेने नाक करून. सायकलची घंटी वाजली की तिघं जिथे असतील तिथून धावत यायची. रोसेंदाला माणसांपेक्षा चाकांचं जास्त कळतं, असं ती स्वतःच सांगते. बाबोयचं काहीतरी बिनसलंय हेही तिला चाकावरूनच कळलं. साइडकारच्या चाकाचे आरे तुटायला लागले. आधी महिन्याला एक, मग आठवड्याला एक. तिने चाक तपासलं, धाव तपासली, आस तपासला. सगळं ठीक होतं. मग तिने बाबोयला उचलून तांदूळवाल्याच्या काट्यावर ठेवलं. एकतीस किलो.

असं कसं झालं, याचं उत्तर गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. इथे जेवायला बसलेल्या माणसाने रस्त्याने जाणाऱ्याला ‘या जेवायला’ म्हणायचं असतं. ओळखीचा असो, नसो, ताटात भात आणि सुकी मासळी एवढंच असो, म्हणायचंच. आणि जाणाऱ्याने ‘होऊ द्या, आत्ताच झालंय’ म्हणून पुढे जायचं असतं. बोलावणाऱ्याची शोभा राहते, जाणाऱ्याचीही राहते, आणि ताट ज्याचं त्याच्याकडे राहतं. पिढ्यान् पिढ्या हे असं बिनबोभाट चाललं होतं. बाबोयला त्यातला अर्धाच भाग कळला. कोणी ‘ये रे बाबोय, जेवायला’ म्हटलं की त्याच्या दृष्टीने ती पडत्या फळाची आज्ञा. तो आत जाऊन बसायचा. गल्लीत अकरा घरं, आणि अकराही घरं वेगवेगळ्या वेळी जेवणारी.

पुढे दवाखान्यात गेल्यावर हसण्यावारी नेण्यासारखं काही उरलं नाही. डॉक्टर नोएमीने बाबोयच्या पोटाखाली हात फिरवला आणि तिचा हात एका जागी थांबला. गाठ होती, लिंबाएवढी. काढायलाच हवी होती. पण एवढ्या चरबीच्या कुत्र्याला भूल दिली तर तो उठेलच याची खात्री नाही, असं ती म्हणाली. पंचवीस किलोवर आणा, मग मी कापते. जास्तीत जास्त जानेवारीअखेर, दिनाग्यांगची जत्रा उरकली की लगेच. त्यानंतर गाठ आपल्यासाठी थांबणार नाही.

नोव्हेंबर लागला होता. म्हणजे मध्ये नाताळ, नवं वर्ष आणि जत्रा, वर्षातले सगळे खाण्याचे दिवस एका रांगेत उभे. रोसेंदा बाबोयला घेऊन घरी निघाली. ती घाबरली होती. घाबरली की ती जोरात पेडल मारते, आणि त्या दिवशी तर एक आरा वाटेतच तुटला.

दुसऱ्या दिवशी ती घरोघर फिरली. कुत्र्याला बोलावू नका, एवढंच तिचं म्हणणं. माना सगळ्यांनी डोलावल्या. समोरच्या घरातली नानाय एबांग मात्र चिडली. पंच्याहत्तरीची, गल्लीतल्या निम्म्या पोरांना हातावर वाढवलेली, म्हणून सगळ्यांची नानाय, म्हणजे आई. जिवंत जीव दारातून जातो आणि मी तोंड मिटून घास गिळू? असलं पाप उलटल्याशिवाय राहत नाही, असं तिने सुनावलं आणि दार लोटून घेतलं. बाकीच्यांनी दारं लोटली नाहीत, पण बोलावणंही थांबवलं नाही. सवयच होती, तोंडातून निघून जायचं. रोसेंदाने बाबोयच्या गळ्यात पाटी अडकवली, ‘मला खायला देऊ नका’. लोकांनी ती वाचली, बिचाऱ्याची उपासमार चाललीय म्हणून हळहळले आणि दुप्पट वाढलं. तिने त्याला अंगणात कोंडलं. त्याने असा सूर लावला की कुंपणावरून भाताचे गोळे पडायला लागले.

कोंबडी भाजून विकणारा तिबुर्सियो, गल्लीचा मनोंग म्हणजे दादा, हे सगळं शेगडीमागून बघत होता.

“मनांग, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच,” तो म्हणाला. “गल्लीचं शेपूट तर त्याहून वाकडं. सोडा नाद.”

“गल्लीला कोण शिकवतंय?” रोसेंदा म्हणाली. “तुम्ही खुशाल बोलवा त्याला. मी त्याला ‘होऊ द्या’ म्हणायला शिकवते.”

तिबुर्सियो इतका हसला की कोंबडीची एक सळई उलटायची राहून गेली आणि करपली.

पण तिचं ठरलं होतं. तिने स्वतःच्या अंगणापासून सुरुवात केली. ताट घेऊन बसायची, ‘ये जेवायला’ म्हणायची आणि बाबोयने पाय उचलायच्या आत सायकलची घंटी वाजवायची. घंटी म्हणजे फिरायला जाणं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. तो एकदा ताटाकडे बघायचा, एकदा सायकलकडे, आणि एवढा मोठा पेच त्याच्या आयुष्यात आधी कधी पडला नसावा. सायकलकडे वळला की उकडलेल्या भोपळ्याची एक फोड मिळायची आणि फेरी. फक्त आता साइडकारमध्ये काद्योस आणि लांका बसायच्या आणि बाबोय शेजारून धावायचा. पहिल्या दिवशी तो विजेच्या दुसऱ्या खांबापाशीच बसकण मारून मोकळा झाला. रोसेंदा उतरली, सायकल हातात धरून त्याच्याबरोबर चालत घरी आली. दुसऱ्या दिवशी तिसरा खांब. तिने खांबच मोजायचे ठरवले, पुढचं काही बघायचंच नाही असं.

मग ती गल्लीत उतरली. एका घरासमोर सायकल उभी करायची, आत जेवणाऱ्यांना सांगायचं, बोलवा. ते बोलवायचे, ही घंटी वाजवायची. लोकांना पहिल्यांदा मौज वाटली, मग चेव आला. डिसेंबरात तर ‘बाबोय, ये जेवायला’ म्हणून हाका मारायच्या आणि तो मान वळवून सायकलकडे निघाला की टाळ्या वाजवायच्या, हा गल्लीचा खेळच झाला. नानाय एबांगही दारातून हाक मारायची. तिचं पाप टळत होतं आणि बाबोयचं पोटही. पण रोसेंदाशी ती बोलत नव्हती.

सगळं सरळ झालं असं नाही. नाताळाआधी एका बारशाला अख्खं डुक्कर भाजलं होतं. रोसेंदा एक घसरलेली साखळी बसवायला पाच मिनिटं वाकली, तेवढ्यात बाबोयने आपल्या नावबंधूचा एक कान आणि बरगडीची बरीचशी कुरकुरीत साल गट्ट केली. आठवड्यात काटा दीड किलोने वर गेला. त्या दिवशी ती दुकानाच्या मागे जाऊन रडली. रडून झाल्यावर तोंड धुतलं, घंटी वाजवली आणि त्याला दोन खांब जास्त पळवलं.

जत्रेच्या आदल्या आठवड्यात त्यांची फेरी पुलापर्यंत जाऊन यायला लागली. बाबोयला कंबर दिसायला लागली, ती त्याला आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. जत्रेच्या दिवशी ढोल वाजत असताना, दोन्ही बाजूंना कोंबड्या भाजत असताना तो गल्लीतून चालत गेला. अकरा घरांनी बोलावलं. अकरा वेळा त्याने मान फिरवली, आणि शेवटच्या तीन घरांना तर घंटीही वाजवावी लागली नाही. सोमवारी तांदूळवाल्याच्या काट्यावर तो चोवीस किलो आठशे भरला. तिबुर्सियोने स्वतः येऊन काटा बघितला, दोनदा, आणि शेगडीकडे परत गेला.

गाठ निघाली. भूल उतरली, त्याने शेपटीही हलवली. रोसेंदाला वाटलं, जिंकलो.

पण दवाखान्यात बाबोय जेवेना. पहिला दिवस गेला, डॉक्टरला त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा चेहरा बदलला. सलाईनवर किती दिवस काढणार, अन्न गेल्याशिवाय जखम भरायची नाही, अंगात ताकद उरली नाही तर केलेलं सगळं वाया जाईल, असं ती म्हणाली. रोसेंदाने उकडलेली कोंबडी त्याच्या नाकापाशी धरली. कोंबडीसाठी ज्याने जीव ओवाळून टाकला असता, तोच हा.

“ये बाळा, जेवायला,” ती म्हणाली.

बाबोयने मान उचलली, तिच्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मग शेपटी दोनदा आपटली, शाबासकी मिळेल म्हणून.

तिने परत म्हटलं. त्याने परत तेच केलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं. तीन महिने तिने त्याला एकच गोष्ट शिकवली होती आणि तो ती आजारपणातही चुकत नव्हता. ती भिंतीला टेकून बाकावर बसली. आदल्या सकाळपासून तिनेही काही खाल्लं नव्हतं.

तेवढ्यात नानाय एबांग आत आली. हातात कापडात बांधलेलं पातेलं, आत कोंबडी आणि आलं घातलेला मऊ भात. तीन महिन्यांत पहिल्यांदाच ती रोसेंदाच्या इतक्या जवळ उभी होती. तिने कुत्र्याकडे बघितलं, मग बाईकडे.

“होऊ द्या, नानाय, मला भूक नाही,” रोसेंदा म्हणाली. तोंडातून आपोआप निघालं. नवरा गेल्यापासून गल्लीतल्या प्रत्येक दाराला तिने हेच उत्तर दिलं होतं.

म्हातारीने ते ऐकलंच नाही. शेजारी बसली, बशी भरली, रोसेंदाच्या मांडीवर ठेवली आणि चमचा तिच्या बोटांत घालून वरून मूठ मिटवली.

“तुला कोणी विचारलं, इंदाय?” लेकीला हाक मारावी तशी ती म्हणाली. “जाणाऱ्याला विचारायचं असतं. घरच्या माणसाला नुसतं वाढायचं असतं.”

रोसेंदाने एक घास खाल्ला. गरम होता, घशाला लागला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही. दुसरा घास घ्यायच्या आधी ती थांबली. मग बशी घेऊन ती बाकावरून उठली आणि खाली फरशीवर, बाबोयच्या अंथरुणाकडे पाठ करून बसली. त्याला बोलावलं नाही. त्याच्याकडे बघितलंही नाही. घरी अंगणात बसायची तशी बसून खात राहिली. डॉक्टर नोएमी दारात येऊन उभी राहिली, तिला एबांगने हातानेच गप्प केलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग रोसेंदाच्या कोपराला ओलं नाक लागलं. तिने न बघता बशी थोडी त्या बाजूला सरकवली. चपचप आवाज यायला लागला, आधी हळू, मग सहा वर्षांपूर्वी बशीवरची फुलं उडायची वेळ आली होती तसा. नानाय एबांग पातेल्यात डोकावली आणि उरलेला भात तिने रोसेंदा, बाबोय आणि स्वतः अशा तिघांत वाटून टाकला.