पाळी पुढे ढकलायची गोळी

माझे वडील चळवळीतले. आमच्या पाथर्डीच्या घरात गव्हाच्या कोठीवरही पत्रकांचे गठ्ठे असत आणि मी अक्षरं शिकले ती त्यांवरच. त्यामुळे छापलेला कागद वाचल्याशिवाय मला राहवत नाही.

गेल्या नवरात्रात वहिनीची तारीख नेमकी घटांत येत होती. आईने मला मेडिकलमध्ये पिटाळलं, पाळी पुढे ढकलायची गोळी आणायला. आमच्याकडे सणाआधी ही गोळी चहा-साखरेसारखी मागवतात. दुकानदाराने पट्टी कापून पुढे सरकवली.

"आतला कागद द्या," मी म्हणाले.

"कागद? परीक्षा हाय का काय, ताई?"

मागचे हसले. मी हात पुढेच ठेवला. शेवटी त्याने खोक्यातून घडी काढून दिली. बारीक इंग्रजी अक्षरं. पायाच्या शिरेत कधी रक्ताची गाठ झाली असेल, तर ही गोळी घेऊ नये. बाळंतपणानंतर वहिनीला नेमकी तीच झाली होती. पाय सुजून खांब झालेला. गोळी तिथेच ठेवून, कागद तेवढा घेऊन मी घरी आले.

आई चिडली. "समद्या बाया घेत्यात. कुनाला काय झालंय?"

"झालं तर सांगतं कोण? आणि त्यांतल्या किती जणींच्या पायात गाठ झाली होती?"

"कागद वाचून संसार हुत न्हाई!"

मी आवाज चढवणार, तोच वहिनी म्हणाली, "वन्सं, ते पायाचं परत वाचा."

मी वाचलं.

"मी न्हाई घेनार, आत्या."

सासूसमोर तिने 'नाही' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी आईच तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली, मला खोटं पाडायला. डॉक्टरीणबाईंनी जुने कागद पाहिले आणि स्पष्ट सांगितलं, "हिला ही गोळी कधीच द्यायची नाही. येऊ द्या पाळी."

पाळी आली. घटाला पाणी आईने घातलं. वहिनीनेच का घालू नये, यावर मी भांडले आणि हरले. ते भांडण मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही.

वहिनी ओट्यावर पाय पसरून शेंगा फोडत होती. शेजारीण विचारायला आली, "तुमी गोळी कुठून आनता गं?"

आतून आईच कडाडली, "आधी दवाखान्यात विचार! माझी सून गेली असती!"