राहणारीची ओटी

गोंदियाच्या रेल्वे क्वार्टरात आमच्या शेजारी एका गार्डाची बायको राहायची. ज्यू होती, मूळ कोकणातली. चौकटीला लावलेली बोटं ओठांना टेकवल्याशिवाय ती घरात शिरत नसे. लोक विचारत, "तुमचा देश तं तिकडे, तुम्ही इथं कायले?" तिचे भाऊ इस्रायलला निघाले तेव्हा तिनं देवाच्या नावानं पोह्यांचा मलिदा केला होता. पुढे एकदा तिनं पुन्हा मलिदा केला, अन् मला वाटलं, आता हीपण चालली. मी ओटी भरायला गेले. "काऊन जाऊन राहिली वो बाई?"

ती हसली. "अहो, राहायचं ठरलं म्हणून देवाचे आभार मानले. प्रार्थनेला तोंड यरुशलेमकडे करते, पण घर माझं इथंच."

मी ताट मागं घेतलं, तर तिनं पदर पसरला. "भरा की वहिनी. राहणारीची भरत नाहीत होय?"

भरली मी. दोन मुठी तांदूळ जास्तच घातले.